कारण पर्समध्ये होतं

माझं बीपी वाढलंय हे कळल्यावर घरात आणि शाळेत प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, रात्री उशिरापर्यंत पेपर तपासत बसतेस म्हणून. नवऱ्याच्या मते दहावीच्या वर्गाचं टेन्शन. जाऊबाईंनी फोनवरच निकाल दिला, "पाळी जायचं वय आलं की होतंच गं, माझंही झालं." स्टाफरूममधल्या एका सरांनी ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामावर खापर फोडलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण त्या कामावर कशाचंही खापर फोडता येतं.

सांगलीजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवते. शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. मुलांचं उरकल्यावर आम्हा शिक्षकांनीही हात पुढे केले. माझं भरलं १६८/१०२. तपासणाऱ्या मुलीने पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा तेवढंच. मला ना डोकेदुखी, ना चक्कर, ना घाम. बीपी वाढलं की माणसाला कळतं, चेहरा लाल होतो, असं मी धरून चालले होते. बहुतेकांना काहीच कळत नाही, हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं.

त्यांनी लगेच गोळी लिहून दिली नाही, हे मला आवडलं. एका आकड्यावर निदान करायचं नसतं म्हणाले. दोन्ही हातांचं मोजलं, कारण हाताहातांत फरक असू शकतो, आणि ज्या हाताचं जास्त भरतं तोच पुढे धरायचा. मग वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. दवाखान्यात १४०/९० किंवा त्याच्या वर सातत्याने भरलं तर बीपी आहे असं धरतात. घरी मोजलेल्यांची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तरी तेच. घरची मर्यादा थोडी कमी, कारण डॉक्टर समोर बसले की काहींचं बीपी उगाच चढतं.

म्हणून घरी मशीन आणलं. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. मशीनबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. माझा दंड टेपने मोजला तर ३४ भरला. लहान पट्टा जाड दंडावर आवळला की आकडा खोटाच वर जातो. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला, आणि तो आल्यावर माझं वरचं बीपी सरळ आठ-दहाने उतरलं. तरी उरलं ते १५० च्या पुढेच.

मोजायचीही शिस्त आहे. चहा, कॉफी, तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, मांडी किंवा पायावर पाय न घालता पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीत. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी. आठवडाभर असं करून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. आमच्या घरात अवघड गेलं ते पाच मिनिटं गप्प बसणं. पट्टा फुगायला लागला की सासूबाईंना हमखास दुधाच्या हिशेबाची आठवण व्हायची, आणि मी उत्तर दिलं की आकडा चढायचा. बोलण्याने बीपी वाढतं हे मी त्या मशीनवर डोळ्यांनी पाहिलं.

मग तपासण्या. लॅबमध्ये गेल्यावर काउंटरवरच्या मुलाने पॅकेज पुढे केलं: साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, क्रिएटिनिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, सगळं स्वस्तात. डॉक्टरांच्या चिठ्ठीत सोडियम-पोटॅशियम होतं, ते पॅकेजमध्ये नव्हतं. मला तेव्हा ते कुठे ठाऊक, आणि रिपोर्ट इतका जाडजूड आला की काही राहिलंय असं कुणालाच वाटलं नाही. लघवीत प्रथिनं नव्हती, किडनी बरी होती. डोळ्यांत थेंब टाकून मागचा पडदा तपासला, तोही ठीक. बीपीने अजून कुठे हात मारलेला नव्हता.

पहिली गोळी अॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅमची. बीपी थोडं उतरलं, पण संध्याकाळपर्यंत घोटे असे सुजायचे की चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठायचे. या गोळीने काहींचे पाय सुजतात, ते किडनीचं दुखणं नसतं, असं सांगून डॉक्टरांनी ती बदलली. आता टेल्मिसार्टन, सोबत त्याच गोळीत लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. सूज गेली. बीपी १५०/९४ च्या आसपास रेंगाळत राहिलं. आणि नवीनच दुखणं सुरू झालं. पहाटे पोटरीत असा गोळा यायचा की ओरडत उठायचे. जिना चढताना मांड्या जड व्हायच्या. तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिताना हात वर धरवेना. मधूनच छातीत एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा. जाऊबाईंकडे याचंही कारण होतं, तेच.

नवरा म्हणाला, मिरजेला दाखवू. आमच्या भागात बाकी सगळे उपाय थकले की मिरज, ही जुनीच रीत. तिथल्या एमडी डॉक्टरांनी आधी माझी जाड फाइल बघितली आणि पहिलाच प्रश्न केला, "यात पोटॅशियम कुठंय?"

तासाभरात रिपोर्ट आला. पोटॅशियम २.९. असायला हवं ३.५ ते ५ च्या दरम्यान. ईसीजीतही त्याच्या खुणा होत्या, छातीतली धडधड त्यातलीच. डॉक्टरांनी कागदावर दोन गोष्टी एकाखाली एक लिहिल्या: बीपी वर, पोटॅशियम खाली. म्हणाले, ही जोडी दिसली की नुसतं "बीपी आहे" म्हणून थांबायचं नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळीने पोटॅशियम उतरतं हे खरं, पण त्या छोट्या डोसने, तेही टेल्मिसार्टन सोबत असताना, इतकं उतरू नये. टेल्मिसार्टन उलट पोटॅशियम राखतं. म्हणजे किडनी ते कुणाच्या तरी हुकमावरून बाहेर फेकत असणार.

शंभरातल्या नव्वदपेक्षा जास्त लोकांच्या बीपीला एकच असं कारण नसतं. आनुवंशिकता, वय, मीठ, वजन, दारू, बैठं काम, सगळं मिळून ते वाढत जातं. उरलेल्या थोड्यांत मात्र बोट ठेवता येईल असं काहीतरी सापडतं: किडनीचा आजार, किडनीच्या रक्तवाहिनीतला अडथळा, थायरॉइड, झोपेत घोरताना श्वास अडकणं, किंवा किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक (हार्मोन) जास्त झरणं. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, मीठ ठेव, पोटॅशियम सोड. ते जास्त झालं की बीपी वर आणि पोटॅशियम खाली. जेरोम कॉन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५५ साली हा आजार पहिल्यांदा मांडला, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. डॉक्टरांना माझ्यात तोच दिसत होता. मी मनात ऑपरेशनपर्यंत जाऊन आले.

मग त्यांनी विचारलं, "मॅडम, बीपीच्या गोळीशिवाय दिवसभरात तोंडात काय काय जातं?"

"जेवण सोडून?"

"जेवण धरून."

गुडघ्यासाठी पेनकिलर? कधीतरी. सर्दीच्या, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या? नाही. स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या? नाही. मिश्री, तंबाखू? नाही हो. (पेनकिलर आणि सर्दीच्या गोळ्या बीपी वाढवतात, हे मला त्या प्रश्नांमुळेच कळलं.) काढे, पूड, चूर्ण?

"घशासाठी ज्येष्ठमध चघळते. तेवढंच."

"आत्ता आहे जवळ?"

पर्समध्ये डबी असतेच. उघडून त्यांच्यापुढे ठेवली. पेन्सिलीच्या जाडीच्या कांड्या, वरून तपकिरी साल, आतून पिवळ्या. एक सकाळची, टोकाला चावून चावून ब्रशसारखी झालेली. डॉक्टरांनी ती हातात घेतली नाही, पण अशी निरखून पाहिली की मला उगाच लाजल्यासारखं झालं.

माझ्या वर्गात साठाच्या वर मुलं आणि खिडक्या रस्त्याकडे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून जातात, आणि मी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या त्यांच्या वरच्या पट्टीत शिकवते. घसा बसतोच. शाळेतल्या निम्म्या बायकांच्या पर्समध्ये ज्येष्ठमध असतो. माझं आधी घसा धरला की तेवढ्यापुरतं असायचं. कोरोनानंतर शाळा उघडल्या आणि ते रोजचं झालं. निघताना एक कांडी तोंडात, मधल्या सुट्टीत दुसरी, रात्री मधातून चमचाभर पूड. रस थुंकायचा नाही, गिळायचा. गोड लागतो.

"आधी रक्त देऊन जा," डॉक्टर म्हणाले, "आणि मग ही डबी बंद."

रक्त अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (अल्डोस्टेरॉन झरायला लावणारा किडनीतला पदार्थ) या दोन्हींसाठी गेलं. स्वस्त तपासणी नाही, आणि नमुना मुंबईला जातो म्हणून रिपोर्टला वेळ लागला. कॉन यांचा आजार असता तर अल्डोस्टेरॉन चढलेलं आणि रेनिन दबलेलं दिसलं असतं. माझी दोन्ही दबलेली आली. टेल्मिसार्टनने रेनिन एरवी वाढतं, तरीही दबलेलं. म्हणजे शरीरात अल्डोस्टेरॉन जेमतेमच, पण किडनी मात्र ते भरपूर असल्यासारखी वागत होती. ग्रंथींचा सीटी स्कॅन काढायची गरज उरली नाही.

मग हुकूम देत कोण होतं? डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक अल्डोस्टेरॉनपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि किडनीतल्या अल्डोस्टेरॉनच्या दारात त्यालाही शिरता येतं. ते शिरू नये म्हणून तिथे एक विकर (एन्झाइम) वॉचमनसारखं उभं असतं. कॉर्टिसोल दिसलं की ते त्याचं निरुपद्रवी कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन पोटात गेलं की त्यापासून तयार होणारा पदार्थ या वॉचमनलाच झोपवतो. मग कॉर्टिसोल बिनदिक्कत आत शिरतं, मीठ साठतं, पोटॅशियम वाहून जातं, बीपी चढतं. वरून मी घेत होते ती लघवीची गोळीही पोटॅशियमच काढत होती. दोन्हीकडून गळती.

भाची फार्मसी करते. तिने घरी आल्यावर वाचून दाखवलं की हे काही आजचं नाही. १९४६ मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. अल्सरला उतार पडला, पण काही रोग्यांच्या अंगावर सूज आली. युरोपात ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या-चॉकलेटं आवडीने खातात, म्हणून तिथल्या तज्ज्ञांनी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिनच्या वर जाऊ नये असं ठरवलं. आपल्या कांडीत ते किती, हे मुळाच्या जातीवर आणि जमिनीवर अवलंबून असतं, दोन टक्क्यांपासून बरंच वरपर्यंत. रोजच्या माझ्या हिशेबाने मी ती मर्यादा आरामात ओलांडत होते. आणि ही मर्यादाही काहींना जास्तच आहे, असं स्वीडनमधल्या २०२४ च्या एका अभ्यासात दिसलं. तिथे १०० मिलिग्रॅमनेच तरुण, धडधाकट लोकांचं बीपी थोडं वाढलं.

आमच्या गल्लीतल्या वैद्यबाईंना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना राग येईल. त्या म्हणाल्या, "सूज, बीपी असलेल्याला मी यष्टिमधु, म्हणजे ज्येष्ठमधच, बेतानेच देते. औषध आहे ते, पेपरमिंट नाही. तुला वर्षानुवर्षं रोज चघळायला कुणी सांगितलं?" कुणीच नाही. आणि हेही खरं की आमच्या शाळेत रोज चघळणाऱ्या दुसऱ्या बाईंचं बीपी १२० च्या पुढे जात नाही. सगळ्यांना होत नाही. वय, आधीचं बीपी, रोजचं प्रमाण, सोबतची औषधं यावर ठरतं.

डबी बंद केल्यावर काही लगेच फरक पडला नाही. झोपलेला वॉचमन जागा व्हायला आठवडे लागू शकतात. लघवीची गोळी बंद झाली, टेल्मिसार्टन चालू राहिलं. पोटॅशियमचं सिरप दिलं, त्याची चव खारट-कडू, इतकी वाईट की ग्लासभर पाण्यात घालून, नाक धरून घ्यायचं. पहिल्यांदा सुधारलं ते पाय. पहाटेचे गोळे थांबले. मग जिना. पोटॅशियम ४.१ वर आलं तेव्हा सिरप बंद झालं. बीपी मागून, सावकाश उतरलं. १३८, १३२, एके सकाळी १२४/७८. नवऱ्याने पेढे आणले. त्याला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. गोळी काढून पाहिली तर काही आठवड्यांत आकडा हळूहळू १४२/८८ वर येऊन बसला. डॉक्टरांना त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या अण्णांना पन्नाशीत बीपी लागलं होतं, त्यांनी गोळी मनाला येईल तशी घेतली, आणि पुढे अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. ते रक्तातून माझ्याकडे आलेलंच होतं. ज्येष्ठमधाने त्यावर मजला चढवला होता एवढंच. वरचा मजला उतरला, खालचा राहिला. त्याला आता टेल्मिसार्टन, पण वीसची, आधीच्या निम्म्याने कमी.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं. "आम्ही कमीच खातो" असं प्रत्येक घरात म्हणतात. मी एक सोपा हिशेब केला. किलोभर मिठाची पिशवी फोडली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण केली. आम्ही चौघं. ५ ग्रॅमने ती ५० दिवस पुरायला हवी. महिन्यात संपली, म्हणजे माणशी आठ ग्रॅमच्या वर. यात लोणचं, पापड, फरसाण, बाहेरचा वडापाव धरलेलाच नाही. आता भाकरीच्या पिठात मीठ नाही, भातात नाही. खर्डा ताटात येतो, पण बोटावर येईल एवढा. सासूबाईंनी मधेच सैंधव आणलं, ते चालतं म्हणून. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. ते मात्र टेल्मिसार्टन घेणाऱ्याने किंवा किडनीचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, कारण मग पोटॅशियम वर जायची भीती. एक टोक मी बघून आले आहे, दुसरं नको.

राहिला घसा. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने स्वरयंत्र बघितलं आणि म्हणाले, ओरडता कशाला, माईक घ्या. कमरेला छोटा स्पीकर, तोंडाजवळ काडी माईक, दोन हजारांच्या आत येतो. पहिल्या तासाला मुलं हसली, दुसऱ्या तासाला शेजारच्या वर्गातून चिठ्ठी आली की आवाज कमी करा. शिवाय दर तासाला घोट-घोट पाणी आणि रात्री झोपताना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. गुळण्यांचं मीठ गिळायचं नसतं, असं नवऱ्याने गंभीरपणे बजावलं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझं १२२/७६ असं भरत होतं. आकड्यांची वही घेऊन मिरजेला गेले आणि विचारलं, आता गोळी सोडून बघायची का? डॉक्टरांनी वही चाळली. म्हणाले, उन्हाळ्यात बीपी बहुतेकांचं थोडं कमीच भरतं, थंडीत चढतं. सुट्टीत ट्रॅक्टरही नाहीत आणि दहावीही नाही. डिसेंबर-जानेवारीचे आकडे आणा, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा करू, मग बोलू. तोवर वीसची गोळी सकाळी चालू आहे.